आडवी तुळई, उभा खांब

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन दिवस होते आणि माझी कंबर धरली. जळगावच्या घरी, सकाळी, न्हाणीत, बादली उचलताना. बादली अर्धीच होती हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो. अर्ध्या बादलीने माणूस आडवा होतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नसता.

डॉक्टरांनी एमआरआयची काळी फिल्म उजेडासमोर धरली आणि पेनच्या टोकाने एक जागा दाखवली. कमरेचा चौथा आणि पाचवा मणका, त्यांच्यामधली गादी, आणि गादीच्या मागून बाहेर डोकावणारा राखाडी थेंब. "गादीच्या आत मऊ गर असतो. तो बाहेर आलाय, नसेला टेकलाय. ऑपरेशनची घाई नको. काही दिवस जपा, पण नुसतं पडूनही राहू नका."

यातलं शेवटचं वाक्य मायने ऐकलंच नाही. चाळीसगावच्या पुढे, सातमाळ्याच्या डोंगराकडे आमचं गाव. तिथे मला नेऊन तिने मधल्या खोलीत जमिनीवर दोन गोधड्या अंथरल्या आणि फर्मान काढलं, "पडी राह्य." ती ७४ वर्षांची. आखाजीचं पुरण तिनेच पाट्यावर वाटलं, खापरावरच्या पोळ्या तिनेच केल्या, आणि माझ्यासमोर ताट सरकवताना म्हणाली, "तुन्ही कंबर मन्हापेक्षा म्हतारी शे रे भो."

थट्टाच होती. पण त्या वाक्याने मला पुढचे बारा-पंधरा दिवस पुरेल एवढं काम दिलं.

पाठीवर पडलेल्या माणसाला छताशिवाय वाचायला काही नसतं. आमचं घर धाब्याचं. सागाचे खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर फळ्या, आणि सगळ्यांच्या वर माती. दर वर्षी पावसाच्या आधी धाब्यावर नवी खारी माती पसरायची आणि चोपायची. जुनी कुणी काढत नाही. आजोबांच्या वेळची खारी खाली, तिच्यावर वडिलांची, तिच्यावर आमची. घर गळत नाही आणि मे महिन्यात थंड राहतं, फक्त वरचं ओझं वाढत जातं. माझ्या बरोबर डोक्यावरची तुळई मधोमध चांगली दोन बोटं खाली आली आहे. त्या तुळईवर एक पाल राहायची.

तिच्याकडे मी जेवढा वेळ बघितलं तेवढा वेळ बीएस्सीला प्राणिशास्त्र असतानाही कुठल्या प्राण्याकडे बघितलं नव्हतं. (पदवी प्राणिशास्त्राची आणि नोकरी हिशेबाची, हे आमच्या पिढीचं नेहमीचंच.) पाल चालते तेव्हा फक्त पाय टाकत नाही. तिचं सगळं अंग नागमोडी वळतं, एकदा या बाजूला, एकदा त्या. पाय झाकून नुसती पाठ बघितली तर वाटेल, मासा पोहतोय. दारातला कुत्रा धावतो तेव्हा तसं होत नाही. त्याची पाठ धनुष्यासारखी खाली-वर होते. शेळीचीही तशीच. मासे आणि पाली आडव्या वळणाच्या, आपण सस्तन उभ्या वळणाचे. डॉल्फिन पाण्यात राहून अगदी माशासारखा दिसायला लागला, तरी त्याची शेपटी खाली-वरच हलते, कारण त्याचे पूर्वज चार पायांवर धावणारे होते. त्यांतल्या सर्वांत जुन्यांपैकी काहींची, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची हाडं आपल्याच उपखंडात, आजच्या पाकिस्तानात सापडली. परत पाण्यात गेला, पण पाठीची सवय गेली नाही.

आखाजीनंतर दोन दिवसांनी चुलतभाऊ गिरणा धरणाचा रोहू घेऊन आला. माझ्या ताटातल्या तुकड्यातून मायने मधला काटा एका झटक्यात अख्खा ओढून काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मी तो उचलून बघायला लागलो. एकाला एक लागून मणके, प्रत्येकाच्या वर-खाली एकेक टोकदार काडी. मोजायला सुरुवात केली तेवढ्यात मायने ताट उचललं.

मणक्यांच्या आधी तिथे नुसती दोरी होती. चीनच्या युनान प्रांतात सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात माशासारखे जीव सापडले आहेत, जेमतेम तीन सेंटिमीटरचे. जबडा नाही, पाठीत खरं हाड नाही. पाठीच्या लांबीभर एक लवचीक, ताठ दोरी, तीच पृष्ठरज्जू. स्नायूंनी तिला एका बाजूला ओढायचं, मग दुसऱ्या, की जीव पुढे सरकला. कॉलेजात ॲम्फिऑक्सस नावाच्या बोटाएवढ्या प्राण्याचा आडवा छेद आमच्याकडून इतक्या वेळा काढून घेतला होता की अजून डोळे मिटून काढीन: मधोमध एक गोल, तो पृष्ठरज्जूचा. ॲम्फिऑक्ससमध्ये ती दोरी जन्मभर तशीच राहते. आपल्यात ती आईच्या पोटात तिसऱ्या आठवड्यात तयार होते. मग तिच्याभोवती मणके घडतात आणि मणक्यांच्या जागेवरून दोरी नाहीशी होते. राहते ती फक्त दोन मणक्यांच्या मध्ये, गादीच्या पोटात. गादीतला मऊ गर त्या दोरीपासूनच बनतो. पुढे वय वाढतं तसं त्यातल्या पेशींचं रूप बदलतं, पाणी आटतं, पण घराणं तेच.

म्हणजे डॉक्टरांच्या पेनाखालचा तो राखाडी थेंब माझ्या अंगातल्या सर्वांत जुन्या सामानापैकी एक होता. हाडापेक्षा जुना, जबड्यापेक्षा जुना. माय म्हणाली ते शब्दशः खरं होतं, फक्त तिचा अंदाज ५० कोटी वर्षांनी कमी पडला. मी हे तिला समजावून सांगितलं. तिने विचारलं, "मंग आते त्याले आत कसं लोटतंस?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पाण्याबाहेर येण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि बहुतेकांना ती चुकीची माहीत असते. उन्हाळ्यात तितूर नदीच्या डोहांचं पाणी आटलं की उरलेल्या चिखलात मरळ तग धरते, कारण ती वरून हवा घेऊ शकते. आमच्याकडे कुणाला 'मासा जमिनीवर कसा आला' असं विचारलं तर तो मरळीकडेच बोट दाखवील. पण मरळीने ती युक्ती फार नंतर आणि आपली आपण शोधली. तिचा पर काड्यांच्या पंख्यासारखा, त्यातून हात होत नाही. आपला पूर्वज वेगळा. त्याच्या पराच्या आत हाडं होती: आधी एक, मग दोन, मग बारकी बारकी. आपला दंड एका हाडाचा, कोपराखाली दोन, मनगटात बारकी आठ. कोंबडीचा पंख सोलून बघा, वटवाघळाचा बघा, हिशेब तोच लागतो.

२००४ मध्ये कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, असा एक ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा मासा सापडला. तिथल्या इनुइट वडीलधाऱ्यांनी त्याला त्यांच्या भाषेतलं नाव दिलं, टिकटालिक, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा मासा. त्याच्या परात मनगटाची सुरुवात दिसते, पण मला त्याचं कौतुक आहे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्याला मान होती. माशाचं डोकं खांद्याच्या हाडांना जखडलेलं असतं, बघायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. (त्या दिवसांत मीही असंच बघत होतो.) टिकटालिकचं डोकं सुटं झालं. पाठ हलवता येत नसताना नुसती मान वळवून दाराकडे कोण आलं ते बघता येतं, याची किंमत मला तेव्हा कळली.

एके दुपारी कोनाड्यात ठेवलेला चष्मा चाचपडताना दोन पांढरी अंडी हाताला लागली. शेंगदाण्याच्या दाण्यापेक्षाही लहान, कवच कडक. पालीची. ती तशीच राहू दिली. बेडकाला अजून अंड्यांसाठी पाण्याकडे जावं लागतं, पहिल्या पावसात सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडत. ज्यांनी अंड्याच्या आतच पाणी भरून घेतलं, डबकंच बरोबर घेतलं, त्यांना पाण्याची ओढ राहिली नाही. पाली, साप, पक्षी आणि आपण, सगळे त्या एका युक्तीचे वारस. आपण कवच सोडलं, डबकं पोटात ठेवलं.

रात्री दिव्यापाशी पतंग यायचे आणि पाल जबडा वासून एकेक घ्यायची. तिचा खालचा जबडा वरच्याला ज्या दोन हाडांनी जोडलेला आहे, ती दोन हाडं माझ्याकडेही आहेत, पण जबड्यात नाहीत. ती कानात आहेत. हातोडी आणि ऐरण. सस्तनांच्या घराण्यात जबड्याचा सांधा पुढे सरकला आणि मागे रिकामी झालेली ही दोन हाडं ऐकण्याच्या कामाला लागली. १८३७ साली रायकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने गर्भाची वाढ बघून हे ओळखलं, डार्विनचं पुस्तक यायच्या २२ वर्षं आधी. नंतर जीवाश्मही मिळाले, ज्यांत जुना आणि नवा असे दोन्ही सांधे एकाच जबड्यात आहेत. पाल माझी आजी नव्हे, आमची वाट साधारण ३२ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. पण ती चुकचुकली की तो आवाज मी ज्या हाडांनी ऐकत होतो, त्याच हाडांनी ती पतंग धरत होती. शंकेची पाल म्हणतात ती अशीच चुकचुकत असावी.

मिस्त्री आला तो तुळई बघायला. खाली मी, वर ती, दोघांकडे बघून तो हसला. "दोघांना टेकू लागणार." मग त्याने जे सांगितलं ते मी कुठल्याच पुस्तकात इतकं स्वच्छ वाचलं नव्हतं. तुळई आडवी असते तेव्हा तिला वाकणं माहीत असतं, खांबाला दाबणं. तुळईचं लाकूड बघून घेतात, खांबाचं वेगळं बघून घेतात. "आणि तुळईच उभी करून खांब म्हणून लावली तर?" मी विचारलं. "चालतं की," तो म्हणाला, "गरजेला लावतात. पण मग तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं."

चार पायांच्या जनावराची पाठ तुळईच असते. चार खांबांवर आडवी, पोट खाली लटकलेलं. आपण गरजेला ती उभी केली. डोकं वर ठेवलं, हात बाजूला लटकवले, आणि सगळा भार खाली, कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांवर उतरवला. खाली त्रिकास्थीचा, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडाचा, तळखडा. सरळ उभी केली असती तर चालताना तोल गेला असता, म्हणून कमरेत बाक दिला, पाठीत उलटा, मानेत पुन्हा सुलटा.

हे कधी झालं त्याचे ठसेच आहेत. टांझानियात लेटोली इथे ज्वालामुखीची राख पडली, वर पाऊस पडला, आणि त्या चिखलावरून दोन पायांवर चालणारे कुणीतरी गेले. आमच्या काळ्या रानात ओल्या वाटेवरून माणूस जातो तसेच, टाच खोल, अंगठा पुढे. त्याला ३६ लाखांहून जास्त वर्षं झाली. ते ठसे १९७८ मध्ये पुरामानवशास्त्रज्ञ मेरी लीकी यांच्या पथकाला मिळाले. त्याच्या चार वर्षं आधी इथिओपियात ल्युसी नाव दिलेल्या मानवपूर्वज मादीचा सांगाडा मिळाला होता, ३२ लाख वर्षांपूर्वीचा, मेंदू जवळपास चिंपांझीएवढा आणि चाल आपली. म्हणजे आपण आधी उभे राहिलो, शहाणे फार नंतर झालो. काही जण अजून व्हायचे आहेत, पण तो विषय वेगळा.

माझी कंबर उभं राहिल्यामुळे गेली, असं म्हणायला छान वाटतं, पण ते पुरतं खरं नाही. डॅशहंड हा बुटका लांबट कुत्रा जन्मभर चार पायांवर असतो आणि त्याची गादी बऱ्याचदा सरकते. माझ्या कमरेचं खरं कारण २२ वर्षांची खुर्ची आणि खड्ड्यांतली मोटारसायकल. लेटोलीच्या माणसाला या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

मायला त्या नाहीत म्हणून तिची कंबर चांगली, असा माझा तर्क होता. तो तिने हाणून पाडला. "तू पोटात व्हतास तवय नऊ महिना कापूस येचा." मी मोजायला लागलो: पाठीला ओटी, पुढे मी, आणि वाकून वेचणी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवलं आहे की कमरेचा बाक बायकांमध्ये तीन मणक्यांवर पसरलेला असतो, पुरुषांमध्ये दोन. पोटातल्या बाळाचं ओझं पुढे येतं तेव्हा मागे रेलून तोल सांभाळता यावा म्हणून. लाखो वर्षांपूर्वीच्या आपल्या नातेवाईक बायकांच्या हाडांतही हा फरक दिसतो. तो तिसरा मणका मला मिळालेला नाही.

संध्याकाळी ओट्यावर भाऊबंद जमायचे. त्यातल्या एका काकांचा प्रश्न ठरलेला: माणूस माकडापासून झाला तर आजची माकडं माणूस का होत नाहीत? मी गोधडीवरूनच ओरडून उत्तर द्यायचो. काका, तुम्ही तुमच्या चुलतभावापासून झालात का? तुमचे आजोबा एक. चिंपांझीचा आणि आपला आजोबा साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी एक होता, मग वाटण्या झाल्या. भाऊबंदकीच्या भाषेत सांगितलं की आमच्याकडे पटकन पटतं. पुढे मी हेही सांगायचो की आपल्या भाषेला हे आधीच कळलं आहे, पाठीच्या शेवटच्या हाडाला ती माकडहाड म्हणते. खरं तर शेपूट माकडांची. आपली आणि चिंपांझी, गोरिला यांच्यासारख्या बिनशेपटीच्या भाऊबंदांची मिळून ती सुमारे २.५ कोटी वर्षांपूर्वी गेली, आणि एका जनुकात आगंतुक घुसलेल्या छोट्या तुकड्याशी त्याचा संबंध असल्याचं २०२४ मध्ये छापून आलं. पोटातल्या बाळाला मात्र काही आठवडे शेपूट असते, मग जिरते. काका म्हणाले, "काहींची जिरत नाही." यावर ओटा हसला आणि विज्ञान तिथेच राहिलं.

उठून चालायला लागलो तोवर पारा ४५ला टेकला होता. कुत्रा माठाखाली जीभ काढून पडलेला, शेळ्या निंबाखाली. डोक्याला टॉवेल बांधून भर दुपारी रस्त्याने चालणारा प्राणी एकच. आपल्या कातडीत घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी आहेत, अंगावर केस नावाला, आणि उभ्या अंगावर माथ्यावरचं ऊन कमी पडतं. आपण उभे राहिलो त्याला उन्हाचाही हातभार असावा असा एक अंदाज आहे. त्यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. त्यांच्यातल्या शंकेखोरांनी मे महिन्यात भुसावळला एकदा यावं.

जायच्या आधी कमरेला पट्टा बांधून मायबरोबर पाटणादेवीला गेलो. देवीमागे डोंगर, डोंगर म्हणजे लाव्हाचे थर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. या काळ्या दगडात हाडं शोधून फारसं काही मिळत नाही. सातपुड्यापलीकडे नर्मदेकाठी मात्र खजिना आहे. धार जिल्ह्यात डायनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच नर्मदेकाठी हथनोरा इथे ५ डिसेंबर १९८२ला भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. आम्हा खानदेशींना वाटतं, सगळं डोंगरापलीकडेच.

पण पाटणादेवीजवळचं पाटणे आमचं. १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केलं, आणि मातीच्या थरांतून शहामृगाच्या अंड्याची कवचं निघाली. साधारण २५ हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा या रानात शहामृग होते. त्या कवचांपासून केलेले मणी होते. एका तुकड्यावर समांतर रेघांच्या मध्ये आडव्या-तिडव्या रेघा कोरलेल्या, बाजेच्या विणीसारख्या. डायनोसॉरच्या घराण्यातल्या पाखराने घातलेलं डबक्याचं कवच, आणि त्याला भोक पाडून ओवणारा आपल्यासारखाच माणूस. आफ्रिकेतून निघालेल्यांचा कुणी नातू-पणतू.

मणका हा शब्द मण्यावरूनच आलेला. मध्ये भोक, भोकातून दोरी. कवचाचा तुकडा बोटाच्या पेरावर धरायचा, गारगोटीच्या टोकाने गरागरा फिरवत भोक पाडायचं, मग कडा घासून गोल करायच्या. फुटला की पुन्हा पहिल्यापासून. तासन्‌तास मांडी घालून, मान खाली, कंबर वाकवून. संध्याकाळी उठताना त्याने हात कुठे ठेवला असेल ते मला कुणी सांगायला नको.

माय तोवर अर्ध्या पायऱ्या चढून गेली होती. गुडघ्यावर हात ठेवत, न थांबता.

घरी मिस्त्री तुळईखाली टेकू लावून धाब्यावर चढला होता. त्याचं म्हणणं, वरची जुनी खारी उकरून काढू, निम्मं ओझं कमी होईल. मायने खालूनच मान वर करून विचारलं, "आनि गळनं तं?" तो काही बोलला नाही. जुनी तशीच राहिली, वर चार पाट्या नवी पडली. चोपणीच्या धक्क्याने पाल तुळईवरून निघाली आणि टेकूवरून उतरत, डावी-उजवीकडे वळत, कोनाड्याकडे गेली.